समुद्रतळाचा गाळ: खोल जावं तसं जुनं, एवढंच असतं का?

भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. तो आधी थोडक्यात त्याच्याच शब्दांत देते. "समुद्राच्या तळावर कोट्यवधी वर्षं गाळ साचतोय. खालचा थर जुना, वरचा नवा. मग एका ठिकाणी खोल भोक पाडलं की सगळा इतिहास हातात यायला हवा. तरी जहाजं पुन्हा पुन्हा, अगदी शेजारी शेजारी भोकं का पाडतात? आणि एवढा गाळ येतोय तर समुद्र अजून भरला कसा नाही?"

गोव्यात बसून समुद्रतळाचा गाळ तपासण्यात माझी वीसेक वर्षं गेली. माझ्या मते या तीनही प्रश्नांच्या मुळाशी एकच समज आहे: गाळ वरून पडतो, आणि जिथे पडतो तिथेच राहतो. वर्गात थरांचा नियम शिकवताना आपण हे गृहीत धरतो, आणि तिथे ते चालतंही. पण प्रत्यक्ष कोअर, म्हणजे भोकातून नळीत काढलेला गाळाचा उभा तुकडा, टेबलावर आला की पहिला प्रश्न वयाचा नसतो. हा चिखल वरून आलाय की बाजूने, हे आधी ठरवावं लागतं. ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

समुद्र न भरण्याचं आधी सांगते, कारण त्यावर आता वाद उरलेला नाही. समुद्राचा तळच फार काळ टिकत नाही. मध्य-महासागरी पर्वतरांगांपाशी बेसाल्टचा नवा तळ तयार होतो, दोन्ही बाजूंना सरकत जातो आणि शेवटी एखाद्या खंदकापाशी दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो. अंगावरचा काही गाळ सोबत नेतो, काही खरवडला जाऊन काठाला चिकटतो. पृथ्वीचं वय ४५० कोटी वर्षांच्या पुढे आहे, पण आजच्या मोठ्या महासागरांचा सर्वांत जुना तळ साधारण १८ कोटी वर्षांचा आहे. त्याहून जुना हिशेब केव्हाच मिटवला गेलाय.

हे पटवून देण्यात ड्रिलिंगचाच मोठा वाटा होता. 'ग्लोमार चॅलेंजर' हे जहाज १९६८ मध्ये कामाला लागलं. त्याची तिसरी सफर त्याच वर्षी डिसेंबरात डकारहून निघाली आणि दक्षिण अटलांटिक ओलांडून रिओ द जानेरोला पोचली. वाटेत मध्य-अटलांटिक रांगेच्या दोन्ही बाजूंना, वेगवेगळ्या अंतरांवर भोकं पाडली. गाळ पार करून खालच्या बेसाल्टला टेकायचं आणि बेसाल्टला चिकटून असलेला गाळ किती जुना ते पाहायचं. रांगेपासून जितकं दूर जावं तितका हा तळचा गाळ जुना निघाला, आणि आलेखावर ते बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत बसले. समुद्रतळ सरकतो हे त्याआधी तळाच्या खडकातल्या चुंबकीय पट्ट्यांवरून अनुमानाने सांगितलं जात होतं. आता ते हातात धरता येणाऱ्या चिखलावरून मोजता आलं.

तुमच्या पहिल्या शंकेचं अर्धं उत्तर यातच आहे. एका भोकात 'सगळा' इतिहास कधीच नसतो. तिथला तळ जेव्हा जन्मला तेव्हापासूनचाच असतो, फार तर. 'फार तर' का, ते पुढे येईल.

आता वेगाबद्दल. किती खोल गेलं की किती मागे जाता येतं, हा आकडा सगळेच विचारतात, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर 'कुठे' यावर अवलंबून आहे. पॅसिफिकच्या मधोमध, जमिनीपासून हजारो किलोमीटरवर, वाऱ्याने उडत आलेली धूळ आणि थोडा ज्वालामुखीय कण एवढंच तळाला पोचतं. तिथली लाल-तपकिरी चिकणमाती हजार वर्षांत एखादा मिलिमीटर साचते, कित्येकदा त्याहूनही कमी. जिथे वरच्या पाण्यात फोरॅमिनिफेरा आणि नॅनोप्लँक्टन हे सूक्ष्म तरंगते जीव भरपूर आहेत, तिथे त्यांच्या चुन्याच्या कवचांचा पांढुरका गाळ हजार वर्षांत एक ते तीन सेंटिमीटर. नदीने मुखापुढे समुद्रतळावर पसरवलेल्या गाळाच्या पंख्यावर हाच वेग कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे दहा मीटरचा तुकडा समोर असेल तर तो लाल मातीत एक कोटी वर्षांचा, चुन्याच्या गाळात काही लाख वर्षांचा, आणि पंख्यावर हजार वर्षांना वीस सेंटिमीटर धरले तर जेमतेम पन्नास हजार वर्षांचा. फूटपट्टी तीच, फक्त प्रत्येक ठिकाणी तिच्यावरच्या रेघा वेगळ्या.

या रेघा पुसल्याही जातात. कॅल्शियम कार्बोनेटची कवचं खाली पडताना खोल, थंड, दाबाखालच्या पाण्यात विरघळतात. आज बहुतेक ठिकाणी साडेचार-पाच किलोमीटरच्या खाली चुना शिल्लकच राहत नाही. कोअरवर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसलं नाही, तर 'वर जीव नव्हते' असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. जीव असतील, त्यांची कवचं पोचली नसतील. ही विरघळण्याची पातळी काळानुसार वर-खाली झाली आहे. २००३ मध्ये नैर्ऋत्य आफ्रिकेपासून निघणाऱ्या वॉल्व्हिस रिजवर वेगवेगळ्या खोलींवर मुद्दाम भोकं पाडली. ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या पातळीवर सगळीकडे फिकट चुन्याचा गाळ अचानक थांबून गडद लाल मातीची पट्टी लागते. त्या वेळी हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन मिसळला, पाणी आम्लधर्मी झालं आणि विरघळण्याची पातळी दोन किलोमीटरहून जास्त वर चढली. एकच भोक असतं तर 'इथे माती आली' एवढंच कळलं असतं. खोलीचा जिना करून भोकं पाडली म्हणून पातळी किती चढली ते सांगता आलं. शेजारी शेजारी भोकांचं हे एक कारण.

आता बाजूने येणाऱ्या गाळाकडे. माझा जीव इथेच जास्त रमतो.

१८ नोव्हेंबर १९२९ ला न्यूफाउंडलंडजवळ ग्रँड बँक्सला भूकंप झाला. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल तुटल्या. भूकंपाच्या जागेजवळच्या लगेच तुटल्या, पण उताराच्या खाली असलेल्या एकामागून एक, काही तासांच्या अंतराने तुटत गेल्या. कोणत्या क्षणी कुठली केबल बंद पडली याची नोंद केबल कंपन्यांकडे होतीच. १९५२ मध्ये ब्रूस हीझेन आणि मॉरिस यूइंग यांनी त्या नोंदींवरून दाखवलं, की चिखल आणि वाळूने गढूळलेल्या पाण्याचा एक लोंढा उतारावरून शेकडो किलोमीटर धावत गेला होता. या लोंढ्यांनी टाकलेल्या थरांना टर्बिडाइट म्हणतात.

टर्बिडाइट ओळखायला फार शिकावं लागत नाही. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, अंगणातली मूठभर माती टाका, ढवळा आणि थांबा. आधी खडे, मग वाळू, मग पोयटा, आणि रात्रभरात वर चिकणमातीची साय. कोअरमध्ये हेच दिसतं: खाली तीक्ष्ण, धारदार सीमा, तिच्यावर भरड वाळू, वर वर बारीक होत गेलेला थर. किड्यांची बिळं असलीच तर बहुधा फक्त वरच्या भागात, कारण लोंढा शांत झाल्यावरच ते राहायला येतात. एवढा थर काही तासांत किंवा दिवसांत पडलेला असतो. त्याच्या वर आणि खाली असलेला, बोटभर जाडीचा फिका गाळ पडायला मात्र एक-दोन हजार वर्षं गेलेली असू शकतात. त्यामुळे जाडी आणि काळ यांचं लग्न लावायचं नाही, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

पण टर्बिडाइट म्हणजे तरी लहान गोष्ट. आपल्या दाराशी याहून मोठा प्रकार सापडलाय, आणि मराठी भूशास्त्राच्या वर्गात तो फारसा शिकवला जात नाही याचं मला नवल वाटतं.

३१ मार्च ते ३१ मे २०१५ या काळात 'जॉइडीस रेझोल्यूशन' या जहाजाने अरबी समुद्रात ३५५ क्रमांकाची मोहीम केली. कोलंबोहून निघून मुंबईला संपली. मुख्य शास्त्रज्ञ होते आज राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोव्यातल्या संस्थेचे धनंजय पांडे आणि लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे पीटर क्लिफ्ट. मी त्या जहाजावर नव्हते. मला जे माहीत आहे ते नंतरच्या अहवालांतून आणि कोअरच्या फोटोंतून. लक्ष्मी बेसिन नावाच्या खोलगट भागात, आपल्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास पश्चिमेला, दोन ठिकाणं निवडली होती: यू-१४५६ आणि यू-१४५७. पाण्याची खोली साडेतीन किलोमीटरच्या वर, आणि त्याखाली गाळात आणखी ११०० मीटर.

ही गोष्ट डोळ्यांसमोर यावी म्हणून एक प्रमाण देते. पाइप साधारण पाच इंची. दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून एक मिलिमीटर जाडीची दोरी खाली सोडा, ती खालच्या मातीत आणखी तीन मजले खोल घाला, आणि हे करताना गच्ची लाटांवर हलत राहू द्या. जहाज नांगर टाकत नाही. खाली-बाजूला लावलेले पंखे सतत फिरवून ते एका बिंदूवर उभं राहतं.

वरच्या भागात अपेक्षेप्रमाणे सिंधू नदीचा पंखा लागला. राखाडी, अभ्रकाने चमकणारी वाळू आणि पोयटा, मधेमधे नॅनोफॉसिलचा, म्हणजे नॅनोप्लँक्टनच्या जुन्या कवचांचा, फिका गाळ. सिंधूचा हा पंखा किनाऱ्याजवळ कित्येक किलोमीटर जाड आहे, त्यामुळे लक्ष्मी बेसिनमध्ये हिमालयाची माती सापडण्यात आश्चर्य नव्हतं. मग खाली चित्र बिघडलं. थर वाकलेले, मुडपलेले, तिरपे; गडद मातीत चुनखडीचे टोकदार तुकडे, आणि तेही उजेड पोचतो अशा उथळ पाण्यात तयार होणाऱ्या चुनखडीचे. साडेतीन किलोमीटर पाण्याखाली उथळ समुद्राची चुनखडी! एका ठिकाणी हा गोंधळ सुमारे ३३० मीटर जाड, दुसऱ्या ठिकाणी १९० मीटर.

याची चाहूल आधी लागली होती. तेलशोधासाठी केलेल्या ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणात अस्ताव्यस्त परावर्तनांचा एक प्रचंड पट्टा दिसत होता, आणि त्यावरून हा समुद्राखालचा कडा कोसळल्याचा ढिगारा असावा असं मांडलं गेलं होतं. त्याला नाव दिलं नटराज. ड्रिलिंगने त्यावर शिक्का मारला आणि वय दिलं: सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ मंचाची कड सुटली आणि शेकडो किलोमीटर दूर, खोल बेसिनमध्ये जाऊन पडली. ढिगाऱ्याचा अंदाज १९ हजार घन किलोमीटर. महाराष्ट्रभर सारखा पसरला तर साधारण साठ मीटरचा थर होईल, म्हणजे सांगली असो की गोंदिया, सगळीकडे वीस मजली इमारत गाडली जाईल. शांत, निष्क्रिय म्हणवल्या जाणाऱ्या काठांवरच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कोसळींत तिची गणना होते.

आता तुमच्या समजेप्रमाणे हेच भोक वाचून पाहू. समजा कोणी ढिगाऱ्याच्या वरचं वय घेतलं, खालचं वय घेतलं, आणि मध्ये सरळ रेघ ओढून 'हजार वर्षांना इतके सेंटिमीटर' असा सरासरी वेग काढला. ३३० मीटर जाडीला चुन्याच्या गाळाचा नेहमीचा वेग, हजार वर्षांना दोन सेंटिमीटर, लावला तर दीड कोटीहून जास्त वर्षं होतात. प्रत्यक्षात ती सगळी जाडी भूशास्त्रीय हिशेबात एका झटक्याची. त्यातल्या मातीवरून तापमान, पाऊस, वारा यांचे आलेख काढले असते तर ते सुबक दिसले असते आणि धादांत खोटे असते.

यू-१४५७ मध्ये तर आणखी एक गंमत आहे. ढिगाऱ्याच्या लगेच खाली जो चिखल लागतो तो पॅलिओसीन काळातला, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याखाली बेसाल्ट. म्हणजे एका सीमेवर बोट ठेवलं की बोटाच्या वरच्या बाजूला एक कोटी आणि खालच्या बाजूला सहा कोटी. मधली पाच कोटी वर्षं तिथे नाहीतच. कदाचित साचलं आणि कोसळीने खरवडून नेलं, कदाचित प्रवाहांनी आधीच धुतलं, कदाचित तिथे फारसं साचलंच नाही. फक्त या एका भोकावरून यातलं नक्की कुठलं ते सांगू नये. मघाशी 'फार तर' म्हटलं ते याच्यासाठी.

वय ठरवताना मी स्वतः कशी आपटले तेही सांगते, कारण ही चूक तुम्हीही करणार आहात. पीएचडीच्या दिवसांत माझ्याकडे सिंधूच्या पंख्यावरच्या एका कोअरचे नमुने होते. टूथपिकच्या टोकावर चिखल घ्यायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरवायचा, वाळवायचा आणि हजारपट मोठं करून पाहायचं. याला स्मिअर स्लाइड म्हणतात. एका स्लाइडमध्ये मला वॉट्झनॉएरिया बार्नेसी दिसलं. क्रेटेशिअसमधलं अतिशय ओळखीचं नॅनोफॉसिल, डायनोसॉरांच्या काळातलं. एक नाही, बरीच. मी आनंदाने वहीत 'क्रेटेशिअस' लिहिलं आणि मार्गदर्शकांना बोलवून आणलं. त्यांनी पाच मिनिटं स्लाइड सरकवली आणि विचारलं, "बाई, या पंगतीत सगळ्यात लहान कोण बसलंय?" पुन्हा पाहिलं तर कोपऱ्यात एमिलियानिया हक्सली होती. ती जगात पहिल्यांदा दिसते सुमारे २ लाख ९० हजार वर्षांपूर्वी. माझा 'क्रेटेशिअस' थर तीन लाख वर्षांहूनही तरुण होता. जुनी नॅनोफॉसिल्स हिमालयातल्या जुन्या सागरी खडकांतून झिजून, नदीतून वाहत आली होती.

तेव्हापासून मी असं समजावते: जुन्या बाजारात एका थैलीत शिवराई, ब्रिटिश काळातला आणा आणि दहा रुपयांचं नाणं एकत्र सापडलं, तर थैली कधी बांधली? दहा रुपयांचं नाणं निघाल्यानंतर. गाळाच्या थराचं वय त्यातला सगळ्यात तरुण जीवाश्म ठरवतो. पण हा नियमही डोळे मिटून लावू नका. तेलविहिरीत कोअर न काढता दगडाचा चुरा वर आणतात, तेव्हा भोकाच्या भिंतीवरून वरचे तरुण कण खाली गळून मिसळतात. तिथे 'सगळ्यात तरुण' तुम्हाला फसवतो, म्हणून तिथली माणसं वरून खाली जाताना एखादी जात पहिल्यांदा कुठे दिसली ते पाहतात. कोणता नियम वापरायचा हे नमुना कसा काढलाय यावर ठरतं. त्यामुळे कोणाचाही वयाचा आकडा वाचताना मी आधी 'कोअर की चुरा' ते बघते.

गाळ कुठून आला हे कसं ओळखतात, याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण 'बाजूने' म्हटल्यावर 'कुठल्या बाजूने' हे येणारच. अरबी समुद्राच्या पूर्व भागात आपल्याला एक सोय आहे. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन जी चिकणमाती तयार होते तिच्यात स्मेक्टाइट हे खनिज प्रमुख. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात माती फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ते याच खनिजाचं काम. हिमालय-काराकोरमच्या मातीत इलाइट आणि क्लोराइट जास्त, वाळूत अभ्रक. एक्स-रे यंत्रात नमुना घातला की या खनिजांची शिखरं वेगवेगळ्या जागी उठतात. त्याच्या जोडीला निओडिमिअमची समस्थानिकं तपासली की नर्मदा-तापीने किती दिलं आणि सिंधूने किती, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. 'बऱ्यापैकी' यासाठी, की स्मेक्टाइटचे कण अतिशय बारीक असतात आणि लांब तरंगत जातात. भरड कण मागे राहतात. त्यामुळे एकाच थरातली चिकणमाती दख्खनची आणि वाळू हिमालयाची असं सहज घडतं. फक्त एका आकाराचे कण तपासून 'गाळ अमक्या नदीचा' म्हणणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

आता शेजारी शेजारी भोकं पाडण्याचं दुसरं कारण, जे निव्वळ कारागिरीचं आहे. मऊ गाळात पिस्टन कोअरर वापरतात. साडेनऊ मीटरची नळी पाण्याच्या दाबाने एका दमात गाळात घुसते, न फिरता, त्यामुळे थर ढवळले जात नाहीत. हे तंत्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलं. त्याआधी ड्रिलच्या फिरत्या टोकाने मऊ चिखल काढला की कित्येकदा थरांचं पिठलं व्हायचं. पण प्रत्येक कोअर आणि पुढचा कोअर यांच्या सांध्यात थोडा गाळ सुटतो, कारण जहाज वर-खाली होत असतं. म्हणून वीस-तीस मीटर सरकून दुसरं भोक पाडतात, आणि त्यातले सांधे मुद्दाम वेगळ्या खोलीवर येतील असं पाहतात. चुंबकीय गुणधर्म, रंग, घनता यांचे आलेख एकमेकांवर ठेवून एका भोकातली फट दुसऱ्याने भरायची. गोधडीला ठिगळं जोडावीत तसं. एका भोकावरून केलेला सलग अभ्यास मी पाहिला की आधी सांधे कुठे होते ते तपासते.

कधी उलटंही होतं. साडेनऊ मीटर गाळ काढला आणि नळीत दहा मीटर भरला! खालच्या दाबात विरघळलेला मिथेन वर येताना फुगतो आणि चिखलाला फुगवतो. मग नळीला ड्रिलने छोटी भोकं पाडून वायू सोडावा लागतो, आणि काही कोअरना कुजक्या अंड्याचा असा वास येतो की जेवणाची इच्छा जाते. भरड वाळूत, कोसळलेल्या ढिगाऱ्यात आणि गारगोटीसारख्या कठीण चर्टच्या थरांत याच्या उलट, नळी निम्मी रिकामी येते. म्हणजे कोअरमध्ये एखादा थर नाही याचा अर्थ तो समुद्रतळात नाही असा होत नाही. हाती किती लागलं हा टक्का अहवालात प्रत्येक कोअरपुढे लिहिलेला असतो, आणि तो न वाचता पुढे जाऊ नये.

तिसरं कारण जास्त खोलवरचं आहे: दोन भोकं दोन वेगळी उत्तरं देतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. मान्सून कधी सुरू झाला, हा प्रश्न घ्या. १९८७ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ पाडलेल्या भोकांत साधारण ८० लाख वर्षांपूर्वीपासून ग्लोबिजेरिना ब्युलॉइडिस ही फोरॅमिनिफेराची जात वाढलेली दिसली. ती थंड, पोषक पाणी वर येतं तिथे वाढते, आणि ओमानपाशी ते पाणी नैर्ऋत्य वारे वर आणतात. म्हणून बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत मान्सून ८० लाख वर्षांचा. २०१५-१६ मध्ये मालदीवजवळ भोकं पाडली, तर तिथे प्रवाहांनी साचवलेल्या गाळाचे ढीग १ कोटी २९ लाख वर्षांपूर्वी अचानक सुरू झालेले दिसले, आणि मान्सूनच्या वाऱ्यांनी चालणारे प्रवाह तेव्हापासून असल्याचं मांडलं गेलं. एकाने जीवाश्म पाहिला, दुसऱ्याने प्रवाह. आणि दोघांनीही मुख्यतः वारा मोजलाय. पाऊस मोजायचा तर नद्यांनी आणलेल्या मातीची झीज पाहायला हवी, ती तिसरीच गोष्ट. 'मान्सून कधी सुरू झाला' असं कोणी विचारलं तर मी आता उलट विचारते, मान्सूनचं काय?

तर आतापर्यंतचं एका दमात: भोकाचा तळ त्या जागेच्या वयावर ठरतो, मधला गाळ किती वेगाने साचला हे जागेवर, त्यातला किती वरून पडला आणि किती बाजूने घसरला हे थर पाहून, आणि किती गहाळ आहे हे शेजारच्या भोकाशी ताडून.

तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून एक काम सुचवते. या मोहिमांचे अहवाल आणि कोअरचे फोटो कोणालाही मोफत पाहता येतात. प्रत्यक्ष कोअर जपून ठेवलेले असतात. हिंदी महासागराचे कोचीला. आपल्या केरळातल्या नव्हे, जपानमधल्या. पहिल्यांदा नमुन्यासाठी अर्ज लिहिला तेव्हा मला वाटलं होतं की एर्नाकुलमची गाडी पकडायची आहे. संशोधक अर्ज करून दहा-वीस घन सेंटिमीटरचे नमुने मागवू शकतात. उभ्या चिरलेल्या कोअरचा एक अर्धा भाग नमुन्यांसाठी असतो आणि दुसरा हात न लावता ठेवलेला असतो.

यू-१४५७ चे फोटो उघडा. मजकूर वाचू नका, आकडे झाका. प्रत्येक कोअर दीड-दीड मीटरच्या तुकड्यांत कापून शेजारी शेजारी मांडलेला दिसेल. डावीकडचा तुकडा वरचा. खाली खाली जात फक्त सीमांवर खुणा करा: जिथे रंग एकदम बदलतो, जिथे वाळूची धारदार कड आहे, जिथे थर तिरपे होतात. प्रत्येक खुणेपुढे 'वरून' किंवा 'बाजूने' असं पेन्सिलीने लिहा, आणि ठरवता येत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. मग अहवालातलं वर्णन उघडून ताडा. नटराजचा वरचा काठ तुम्हाला कुठे वाटला आणि त्यांनी कुठे धरलाय, ते मला कळवा. प्रश्नचिन्हं किती आली तेही लिहा. माझी पहिल्या वेळी उत्तरांहून जास्त होती.